ऑक्साइडच्या पातळ थराचा रंग: जाडीचा की आतल्या इलेक्ट्रॉनचा? स्वतः करून बघायची पद्धत

कुपवाड एमआयडीसीतल्या एखाद्या लेथखाली पडलेल्या चिप्स उचलून बघा. काही पिवळसर, काही जांभळ्या, काही गर्द निळ्या दिसतील. त्यांना कोणी रंग दिलेला नाही. कापताना पोलाद तापलं, हवेतला ऑक्सिजन त्याला चिकटला आणि वर काही दहा नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर बसला. साधारण २२० ते २३० अंश सेल्सिअसला फिकट पिवळा, २८० च्या सुमारास जांभळा, ३०० च्या आसपास निळा. छिन्नीला पाणी देणारा लोहार हेच रंग बघून कुठे थांबायचं ते ठरवतो.

आता दुसरी वस्तू घ्या. बटण दाबलं की निळी होणारी आणि उलटं दाबलं की पुन्हा पारदर्शक होणारी काच. तिच्यातही धातूच्या ऑक्साइडचा पातळ थरच आहे, बहुधा टंगस्टनचा. दोन्हीकडे ऑक्साइड, दोन्हीकडे निळा रंग. पण पोलादाचा निळा हा थराच्या जाडीमुळे दिसतो आणि काचेचा निळा थराच्या आत शिरलेल्या इलेक्ट्रॉनमुळे. बी.एस्सी., एम.एस्सी.चे प्रकल्प अडखळतात ते बहुतेक इथेच. फिल्मचा, म्हणजे अशा पातळ थराचा, रंग बदलला म्हणून विद्यार्थी खूश होतो आणि तो बदल कशामुळे झाला हे न तपासताच आलेख काढायला बसतो.

म्हणून खालची पद्धत दोन टप्प्यांत लावली आहे. पहिला टप्पा टायटॅनियमचा: स्वस्त, तासाभराचा, घरच्या टेबलावर होणारा. दुसरा टंगस्टन ऑक्साइडचा. त्याला ॲसिड लागतं, म्हणून तो कॉलेजच्या लॅबमध्ये, शिक्षकांच्या देखरेखीखालीच करा. पहिला टप्पा सोपा वाटला तरी गाळू नका, कारण दुसऱ्यात काय बघायचं ते डोळ्यांना पहिल्यातच कळतं.

टायटॅनियमची पट्टी आणि नऊ व्होल्टच्या बॅटऱ्या

मिरजेत हाडांच्या दवाखान्यांची कमी नाही. तिथे वापरले जाणारे टायटॅनियमचे स्क्रू आणि पट्ट्या कधी सोनेरी, कधी जांभळ्या, कधी निळ्या असतात. ऑपरेशनच्या वेळी माप चटकन ओळखू यावं म्हणून हे रंग दिलेले असतात, आणि त्यात रंगद्रव्याचा कणही नसतो. आपण करणार आहोत ते तेच.

लागणारं सामान: शुद्ध टायटॅनियमची पातळ पट्टी (ग्रेड २ मागवा), स्टीलचा चमचा, नऊ व्होल्टच्या पाच चौकोनी बॅटऱ्या, मगरीच्या तोंडासारख्या दोन क्लिपा, काचेचा ग्लास, खायचा सोडा, डिस्टिल्ड वॉटर, रबरी हातमोजे.

पट्टी बारीक पॉलिशपेपरने एकाच दिशेने घासा, साबणाने धुवा, त्यानंतर तिला बोट लावू नका. बोटाचा तेलकटपणा जिथे लागेल तिथे रंगाचा डाग राहतो, आणि तो नंतर पुसून जात नाही. पाव लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये एक चमचा सोडा विरघळवा. पट्टी बॅटरीच्या धन टोकाला, स्टीलचा चमचा ऋण टोकाला. दोन्ही पाण्यात एकमेकांना न चिकटता उभे करा. क्लिप पाण्याबाहेरच राहिली पाहिजे, नाहीतर टायटॅनियमऐवजी क्लिपच गंजत बसते.

एका बॅटरीवर पट्टी फिकट सोनेरी होते. दोन जोडल्या, म्हणजे १८ व्होल्टला, रंग जांभळ्याकडे जातो. तीनला निळा, चारला फिकट आकाशी. पाचला तो इतका पुसट होतो की रंग गेलाच असं वाटतं. गेलेला नसतो, तिथून पुढे पुन्हा पिवळ्यापासून दुसरी फेरी सुरू होते. पण त्यासाठी ५० व्होल्टच्या वर जावं लागतं आणि ओल्या हातांनी तिथे जाऊ नये. घरी पाच बॅटऱ्यांवर थांबा, हातमोजे घातलेलेच ठेवा आणि खिडकी उघडी असू द्या, कारण चमच्यावर येणारे बुडबुडे हायड्रोजनचे असतात.

एकाच पट्टीवर सगळे रंग हवे असतील तर आधी पूर्ण पट्टी ९ व्होल्टला बुडवा. मग ती थोडी वर उचलून १८ ला, आणखी वर उचलून २७ ला. क्रम उलटा चालत नाही. एकदा २७ ला जाड झालेला थर ९ व्होल्टवर पातळ होत नाही, आणि या प्रयोगातलं सगळ्यात महत्त्वाचं निरीक्षण हेच आहे. मिलिअँपिअरवर लावलेला मीटर मध्ये जोडलात तर दिसेल की सुरुवातीला प्रवाह जोरात असतो आणि काही सेकंदांत जवळजवळ शून्यावर येतो. ऑक्साइड विजेला अडवतो. थर जसा वाढतो तसं त्याच्या आतलं विद्युतक्षेत्र कमी होतं, आणि ते पुरेसं कमी झालं की वाढ थांबते. म्हणून जाडी वेळेवर ठरत नाही, व्होल्टेजवर ठरते: दर व्होल्टला अंदाजे दोन नॅनोमीटर.

या जाडीचा रंगाशी संबंध असा. थराच्या वरच्या पृष्ठावरून परतलेला प्रकाश आणि थर ओलांडून खालच्या धातूवरून परतलेला प्रकाश एकमेकांत मिसळतात. जाडीनुसार काही तरंगलांबींच्या लाटा एकमेकींना खोडतात, काही बळ देतात. नारिंगी खोडला गेला की आपल्याला निळा दिसतो, निळा खोडला गेला की पिवळा. टायटॅनियमच्या या ऑक्साइडचा अपवर्तनांक बराच जास्त, साधारण २.२ ते २.४ आहे, त्यामुळे ५०-६० नॅनोमीटरचा थरही ठसठशीत रंग देतो.

आता पट्टी हातात घेऊन खिडकीपाशी जा आणि ती तिरपी करत बघा. समोरून बघताना जो रंग आहे तो ६० अंशांच्या तिरक्या नजरेला किंचित सरकतो, कमी तरंगलांबीकडे, म्हणजे निळ्या टोकाकडे. हा बदल फार मोठा नसतो. प्रकाश थरात शिरताना बराच वाकतो, त्यामुळे २.३ अपवर्तनांक धरून गणित केलं तर फरक सातेक टक्के निघतो. पण दिसतो. डोळा त्यासाठीच तयार करायचा आहे.

तीन चाचण्या, कुठल्याही रंगीत फिल्मसाठी

पुढे टंगस्टनची फिल्म तयार झाली की तिच्यावर सगळ्यात आधी या चाचण्या लावा, मगच नोंदवहीत "रंगबदल" हा शब्द लिहा.

पहिली चाचणी तिरपं करण्याची, ती वर आलीच. दुसरी: फिल्म काचेवर असेल तर तिच्यावरून परतलेला रंग आणि तिच्यातून आरपार दिसणारा रंग वेगवेगळे बघा. जाडीमुळे आलेला रंग परतताना एक आणि आरपार त्याच्या उलटा असतो; परतताना पिवळसर दिसणारी फिल्म आरपार निळसर भासते. आत शोषला जाणारा रंग आरपार बघताना सगळ्यात स्पष्ट असतो आणि कोन बदलला तरी तोच राहतो. तिसरी चाचणी निर्णायक: व्होल्टेज उलटं करा. जाडीचा रंग परत फिरत नाही. इलेक्ट्रॉनचा फिरतो.

वास्तविक टंगस्टनच्या फिल्ममध्ये दोन्ही एकत्र असतात. पारदर्शक अवस्थेतही तिच्यावर हिरव्या-गुलाबी कडा दिसतात, कारण ती ठिकठिकाणी कमीजास्त जाड असते. त्या कडा म्हणजे रंगबदल नव्हे. उलट त्यांच्यावरून फिल्म किती असमान बसली आहे ते कळतं, फुकटात.

टंगस्टन ऑक्साइडच्या आत काय होतं

१९६९ मध्ये सत्येन देब यांनी टंगस्टन ऑक्साइडच्या पातळ थरात विजेने रंग आणता येतो हे दाखवलं, आणि आजच्या इलेक्ट्रोक्रोमिक काचांचा प्रवास तिथून सुरू झाला असं मानलं जातं. टंगस्टन ट्रायऑक्साइडमध्ये टंगस्टनचा प्रत्येक अणू +६ अवस्थेत असतो. फिल्मला ऋण टोक जोडलं की तिच्यात इलेक्ट्रॉन शिरतात. विद्युतभार सांभाळायला तितकेच धन आयन, हायड्रोजनचे किंवा लिथियमचे, द्रावणातून फिल्ममध्ये येतात. आलेला इलेक्ट्रॉन एका टंगस्टनवर बसून त्याला +५ करतो. मग लाल आणि त्यापलीकडच्या अवरक्त प्रकाशाची ऊर्जा घेऊन तो शेजारच्या +६ वर उडी मारतो. लाल भाग अशा उड्यांमध्ये शोषला गेला की डोळ्यांपर्यंत उरतो तो निळा.

यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते: आयनांना आत-बाहेर करायला वाट हवी. कमी तापमानाला बनवलेली फिल्म स्फटिकरूप नसते, तिची रचना चिपाडाच्या ढिगासारखी सैल असते, आणि आयन तिच्यातून पटापट जातात. ४०० अंशांना भाजलेली फिल्म स्फटिकरूप होते. ती टिकाऊ असते, पण आयनांना आत शिरायला वेळ लावते. "भाजल्याशिवाय फिल्म पक्की होत नाही" हा समज या बाबतीत सोडून द्या. प्रात्यक्षिकासाठी सैल फिल्मच चांगली.

द्रावण: इथे क्रम चुकवू नका

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात कमी खर्चाच्या पद्धतींनी पातळ थर बनवण्याचं काम कित्येक दशकं चाललं आहे: स्प्रे पायरोलिसिस, केमिकल बाथ वगैरे. आपल्या भागातल्या कॉलेजांत या पद्धती माहीत असलेलं कोणीतरी हमखास भेटतं. त्यांना विचारा. तरीही पहिल्या फिल्मसाठी मी विजेने थर बसवण्याची पद्धतच सुचवेन, कारण तिला भट्टी लागत नाही आणि थर किती बसला ते प्रवाहावरून लगेच कळतं.

१०० मिलिलिटर द्रावणासाठी सोडियम टंगस्टेट डायहायड्रेट ०.८२५ ग्रॅम, ३० टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड ०.३ मिलिलिटर, सौम्य नायट्रिक ॲसिड आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल ३० मिलिलिटर.

पाणी डिस्टिल्डच घ्या, इथे तडजोड नको. सांगलीच्या पूर्वेकडचं बोअरचं पाणी किंवा कृष्णाकाठच्या क्षारपड पट्ट्यातलं पाणी जड असतं. त्यातलं कॅल्शियम टंगस्टेटला पकडतं आणि न विरघळणारं पांढरं कॅल्शियम टंगस्टेट तयार होतं. द्रावण दुधाळ झालं की समजा टंगस्टन तळाला गेलं. फिल्टरचं पाणीही खात्रीचं नसतं.

टंगस्टेट ६० मिलिलिटर पाण्यात विरघळवा. मग पेरॉक्साइड घाला आणि दहा मिनिटं ढवळा. टंगस्टन आणि पेरॉक्साइड यांचा एक विरघळणारा संयुक्त आयन तयार होतो. तो झाल्यावरच थेंबथेंब सौम्य नायट्रिक ॲसिड टाकत पीएच १.४ च्या आसपास आणा. आधी ॲसिड टाकलंत तर टंगस्टिक ॲसिडचा गाळ बसतो आणि मग पेरॉक्साइड कितीही ओता, फारसा उपयोग होत नाही. सगळ्यात शेवटी अल्कोहोल घाला आणि पाण्याने १०० मिलिलिटर करा. अल्कोहोलमुळे द्रावण जास्त काळ टिकतं, नाहीतर ते लवकर गढूळ होतं.

विटा-खानापूरकडच्या गलाईवाल्यांच्या, म्हणजे सोनं-चांदी शुद्ध करणाऱ्यांच्या, घरांत नायट्रिक ॲसिड नवं नाही, तिथली मुलं हे काम बिनधास्त करतात असं ऐकायला मिळतं. बिनधास्तपणा इथे नको. तीव्र नायट्रिक ॲसिड आणि अल्कोहोल कधीही एकत्र आणू नका. ॲसिड आधी वेगळ्या भांड्यात पाण्यात घालून सौम्य करायचं, मगच वापरायचं. ३० टक्क्यांचं पेरॉक्साइड कातडीवर पडलं की पांढरे चट्टे उठतात आणि आग होते. चष्मा आणि हातमोजे सक्तीचे. ॲसिटोन तर या टेबलावर आणूच नका. पेरॉक्साइड, ॲसिड आणि ॲसिटोन एकत्र आले तर स्फोटक पदार्थ तयार होऊ शकतो. काच धुवायला आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरतं.

काच ओळखणं, धुणं, बुडवणं

साध्या काचेवर वीज वाहत नाही, म्हणून फ्लोरिन मिसळलेल्या टिन ऑक्साइडचा पारदर्शक थर दिलेली काच लागते. लॅबमध्ये तिला एफटीओ काच म्हणतात. आयटीओ नावाची दुसरी काचही मिळते, पण ॲसिडमध्ये ऋण टोकाला ती लवकर खराब होते. एफटीओच घ्या. ओगलेवाडीत काचेचे कंदील बनत होते त्या भागात आज ही काच विकत आणावी लागते, याला काही इलाज नाही.

काचेची वाहक बाजू मल्टिमीटरने शोधा: ओहमवर लावून दोन्ही टोकं टेकवली की वाहक बाजूला काही दहा ओहम दाखवेल, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. मागच्या बाजूला मार्करने खूण करा. साबणाच्या पाण्याने, डिस्टिल्ड वॉटरने, मग अल्कोहोलने धुवा. शेवटी काच उभी धरून पाणी सोडलं तर ते थेंब न होता सलग पसरलं पाहिजे. थेंब झाले तर पुन्हा धुवा. फिल्म सोलून निघण्याच्या तक्रारींत निम्मा दोष धुण्याचाच असतो.

काचेचा वरचा सेंटिमीटरभर भाग क्लिपसाठी कोरडा ठेवा. क्लिप द्रावणाला लागली तर तांबं विरघळून फिल्ममध्ये बसतं. समोर प्लॅटिनम किंवा ग्रॅफाइटची पट्टी, आणि पोटेन्शिओस्टॅट (व्होल्टेज नेमकं धरून ठेवणारं यंत्र) असेल तर सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडचा संदर्भ इलेक्ट्रोड. काचेला त्याच्या तुलनेत -०.४५ व्होल्ट द्या, पाच ते दहा मिनिटं. पोटेन्शिओस्टॅट नसेल तर साध्या पॉवर सप्लायवर प्रवाह चौरस सेंटिमीटरला अर्ध्या मिलिअँपिअरच्या आत धरा. बुडबुडे दिसले तर व्होल्टेज जास्त झालं.

या वेळात काच डोळ्यांदेखत निळी होते. हा फिल्मचा मूळ रंग नव्हे: बसतानाच तिच्यात हायड्रोजनचे आयनही शिरतात. काच बाहेर काढून डिस्टिल्ड वॉटरच्या बारीक धारेने धुतली की ती हळूहळू फिकट पडत जाते, कारण हवेतला ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन परत घेतो. म्हणजे तिसऱ्या चाचणीची पहिली खूण इथेच मिळते.

एक इशारा आपल्याकडच्या वीजपुरवठ्यासाठी. फिल्म द्रावणात असताना लाइट गेली तर काच तशीच ठेवून वाट बघत बसू नका. पेरॉक्साइड आणि ॲसिडच्या द्रावणात व्होल्टेजशिवाय राहिलेली फिल्म पांढरी पडते, आणि नंतर पुन्हा प्रवाह सुरू केला तर नवा थर जुन्यावर नीट बसत नाही. लगेच बाहेर काढा, धुवा, पुढच्या वेळी नवी काच घ्या. बॅटरीवर काम करणाऱ्यांना ही चिंता नाही.

फिल्म आधी सावलीत वाळू द्या, मग १०० अंशांना तासभर. सांगलीच्या एप्रिलमधल्या उन्हात वाळवण्याचा मोह आवरा. आतलं पाणी झपाट्याने गेलं की भेगा पडतात, आणि जाड फिल्म असेल तर पापुद्रे निघतात. पावसाळ्यात साताऱ्याकडे, त्यातही महाबळेश्वरच्या बाजूला, उलटी अडचण असते: फिल्म वाळतच नाही. वाळलेली फिल्म सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात ठेवा.

रंग आणणं आणि घालवणं

सगळ्यात सोपी परीक्षा बॅटरीशिवाय होते. फिल्म सौम्य सल्फ्युरिक ॲसिडमध्ये, ०.१ मोलर पुरे, बुडवा आणि जस्ताचा तुकडा फिल्मच्या एका कडेला ॲसिडच्या आतच टेकवा. टेकलेल्या जागेपासून निळा रंग पसरत जातो. जस्त विरघळताना इलेक्ट्रॉन सोडतं, ते फिल्ममध्ये जातात, हायड्रोजनचे आयन ॲसिडमधून येतात. हे झालं तर फिल्म जिवंत आहे. झालं नाही तर फिल्म बसलेलीच नाही, किंवा काच उलट्या बाजूने धरली आहे. (ॲसिड सौम्य करताना नेहमी पाण्यात ॲसिड, ॲसिडात पाणी नाही. १०० मिलिलिटरला तीव्र ॲसिड सुमारे ०.५६ मिलिलिटर लागतं.)

मग बॅटरी. फिल्म ऋण, समोर ग्रॅफाइट धन, एक पेन्सिल सेल म्हणजे दीड व्होल्ट. रंग यायला काही सेकंद ते अर्धा मिनिट. कमी वाटला तर दुसरा सेल जोडून मध्ये पोटेन्शिओमीटर लावा आणि हळूहळू दोन व्होल्टपर्यंतच जा. फिल्मवर बुडबुडे आले की ताबडतोब मागे या: तिथे हायड्रोजन निघतोय, तो थराला उचकटतो, आणि फार ताणलं तर एफटीओमधलं टिन ऑक्साइडच धातूत बदलून काच कायमची करडी पडते. तारा उलट्या केल्या की रंग जातो. जाताना तो बहुधा येण्यापेक्षा लवकर जातो.

तारा काढून टाकल्या तरी निळा रंग राहतो. काचेला रंगीत ठेवायला वीज लागत नाही, बदलायलाच लागते, आणि अशा खिडक्यांचं खरं आर्थिक गणित यातच आहे. उघड्या बीकरमध्ये मात्र हवेतल्या ऑक्सिजनमुळे तो हळूहळू उतरतो.

ॲसिडमध्ये रंग पटकन येतो, पण फिल्म थोडी थोडी विरघळत जाते. त्यामुळे एका दुपारच्या प्रात्यक्षिकाला ॲसिड ठीक, टिकाऊ नमुन्याला नाही. टिकाऊसाठी प्रॉपिलीन कार्बोनेटमध्ये एक मोलर लिथियम परक्लोरेट वापरतात: १० मिलिलिटरला १.०६ ग्रॅम. परक्लोरेट जोरकस ऑक्सिडायझर आहे, ते सेंद्रिय पदार्थासोबत कोरडं तापवू नका, आणि हे काम शिक्षक शेजारी असतानाच करा. लिथियमचा आयन हायड्रोजनपेक्षा मोठा, म्हणून रंग सावकाश येतो. अल्कलीच्या मात्र जवळ जाऊ नका, टंगस्टन ऑक्साइड त्यात सरळ विरघळतं. काच सोड्याच्या पाण्याने धुतली की फिल्म गायब होते ती यामुळेच.

दोन काचांमध्ये द्रावण भरून बंद नमुना करायचा असेल तर समोरची काच नुसती एफटीओ ठेवून भागत नाही. एका बाजूला इलेक्ट्रॉन गेले तर दुसऱ्या बाजूने तेवढेच निघावे लागतात. समोर ते देणारा थर नसेल तर द्रावणच तुटू लागतं. निकेल ऑक्साइड इथे चपखल बसतं: ते इलेक्ट्रॉन गमावताना तपकिरी होतं, म्हणजे दोन्ही काचा एकाच वेळी गडद होतात. पहिल्याच प्रकल्पात मी याच्या मागे लागणार नाही.

मोजमाप: लाल एलईडी आणि सोलर दिव्यातला सेल

स्पेक्ट्रोफोटोमीटर नसला तरी चालतं. बागेतल्या सोलर दिव्यातला छोटा सोलर सेल काढा आणि मल्टिमीटर मिलिअँपिअरवर लावून थेट त्याच्या टोकांना जोडा. शॉर्ट-सर्किट प्रवाह पडणाऱ्या प्रकाशाच्या प्रमाणात असतो. उजेडाला लाल एलईडी घ्या, पांढरा नको, कारण फिल्म लाल रंगच शोषते आणि पांढऱ्यात फरक पुसट दिसतो. सगळं काळ्या कागदाच्या नळीत बसवा.

नुसती काच आणि द्रावण ठेवून प्रवाह मोजा, ते १०० टक्के. मग पारदर्शक फिल्म, मग निळी. समजा पारदर्शक ८० टक्के आणि निळी २५ टक्के. दोन्हींचा भागाकार ३.२, त्याचा १० पायाचा लॉगरिदम साधारण ०.५. हा प्रकाशीय घनतेतला फरक.

दुसरीकडे रंग येताना फिल्ममधून गेलेला प्रवाह दर पाच सेकंदांनी लिहा. आलेखाखालचं क्षेत्रफळ म्हणजे विद्युतभार. तो फिल्मच्या क्षेत्रफळाने भागा. समजा चौरस सेंटिमीटरला १० मिलिकूलॉम्ब आला. ०.५ भागिले ०.०१ म्हणजे ५०. याला रंगकार्यक्षमता म्हणतात, एकक चौरस सेंटिमीटर प्रति कूलॉम्ब. लाल प्रकाशात सैल रचनेच्या टंगस्टन ऑक्साइडसाठी ४० ते ६० ही विश्वासार्ह पट्टी आहे. तुमचा आकडा २०० आला तर आनंद साजरा करू नका, विद्युतभार किंवा क्षेत्रफळ मोजताना चूक झाली का ते बघा. १० आला तर विद्युतभाराचा मोठा वाटा बुडबुड्यांत चालला आहे.

आणि इथेच पहिल्या टप्प्यातली शिकवण कामाला येते. पारदर्शक अवस्थेतलं ८० टक्के हे निव्वळ शोषणाचं नसतं, जाडीमुळे होणारी खोडाखोड त्यात मिसळलेली असते. तुलना करायची तर रंगीत आणि पारदर्शक मोजमाप फिल्मच्या त्याच ठिपक्यावर, त्याच कोनात घ्या. दोन वेगवेगळ्या जाडीच्या नमुन्यांची नुसती टक्केवारी शेजारी मांडून "हा जास्त चांगला" म्हणणं निरर्थक आहे.

बिघाड दिसला तर

क्लिपजवळ गडद, खाली फिकट: एफटीओचा स्वतःचा विद्युतरोध. फिल्म वाईट नाही, काच लहान घ्या किंवा दोन्ही कडांना क्लिप लावा. ठिपक्याठिपक्यांनी रंग: धुण्यात तेल राहिलं. फिल्म आरपार निळी राहते, काही केल्या पूर्ण उतरत नाही: हा खरा आणि जुना आजार. रंग चढवण्या-उतरवण्याच्या अनेक फेऱ्यांनंतर काही आयन आत अडकून बसतात. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं की लिथियमच्या द्रावणात रंग उतरवण्याच्या दिशेने स्थिर प्रवाह बराच वेळ देऊन (त्यात व्होल्टेज नेहमीपेक्षा बरंच वर जातं) हे आयन बाहेर काढता येतात आणि फिल्म जवळजवळ नव्यासारखी वागू लागते. ॲसिडच्या बीकरमध्ये हा उपाय करू नका, तिथे नुसता ऑक्सिजन निघत बसेल.

उष्णतेने बदलणाऱ्या व्हॅनेडियम डायऑक्साइडबद्दल विद्यार्थी हमखास विचारतात. १९५९ मध्ये मोरिन यांनी त्यातला बदल नोंदवला: ६८ अंशांच्या खाली ते अर्धवाहकासारखं वागतं, वर धातूसारखं. पण त्यात डोळ्यांना दिसणारा रंग फारसा बदलत नाही. बदलतो तो अवरक्त, म्हणजे उष्णतेचा प्रकाश. शिवाय व्हॅनेडियमची ऑक्साइडं इतकी आहेत की भट्टीतल्या ऑक्सिजनवर काटेकोर ताबा नसेल तर नेमकं हवं ते मिळत नाही, आणि त्यांची पूड विषारी. पदवीच्या प्रकल्पाला मी ते सुचवत नाही.

मोटारीच्या आत बसवलेला, रात्री आपोआप गडद होणारा आरसा मात्र या लेखातला नाही. त्यात सहसा ऑक्साइड नसून दोन काचांमधल्या जेलमध्ये विरघळवलेली सेंद्रिय रंगद्रव्यं असतात, म्हणून वीज बंद केली की तो लगेच उतरतो.

उरलेलं टंगस्टनचं द्रावण बेसिनमध्ये किंवा विहिरीच्या कडेला ओतू नका. ज्या रसायनामुळे बोअरच्या पाण्यात आपलं द्रावण बिघडतं तेच इथे उपयोगी पडतं: द्रावणात थोडी थोडी चुन्याची निवळी घालत पीएच पेपरवर ते अल्कलीकडे झुकेपर्यंत ढवळा. पांढरा गाळ बसतो. तो रात्रभर निवळू द्या, वरचं पाणी वेगळं करा, गाळ गाळून वाळवा आणि लेबल लावलेल्या बाटलीत भरून लॅबच्या घन कचऱ्यात द्या.